बंद मशीनचं रीडिंग

२५ नोव्हेंबर २०२४

या वहीत चार रकाने छापलेले आहेत. वेळ, तापमान, लोड आणि शेरा. रिटायर होताना पॉवर प्लांटच्या स्टोअरमधून अशा अकरा कोऱ्या वह्या मी घेऊन आलो. तिथे त्या कुणाला नकोच होत्या. तीन वर्षं इथे कपाटात पडून राहिल्या, आज पहिली उघडली.

वेळ सकाळी सात. तापमान चौदा. लोडच्या रकान्यात काय लिहावं ते सुचेना, रेघ मारली. शेरा: गाव रिकामं झालं.

निवडणूक आटोपली आणि लगेच ट्रॅक्टर भरायला लागले. काल समोरच्या लंकाबाईचा राम आणि सून सविता ऊस तोडायला कोपरगावकडे गेले. ट्रॉलीत पेटी, पिठाची गोणी, कोंबड्या, सगळा संसार. आता उन्हाळ्यापर्यंत गावात म्हातारे, शेरडं आणि मी. मी स्वतःला म्हाताऱ्यांत धरत नाही. त्रेसष्ट हे काही वय नव्हे.

आमच्या आळीत आता एकच चूल पेटते, लंकाबाईची. माझ्याकडे सिलिंडर आहे, त्याचा धूर होत नाही, त्यामुळे मी जेवलो की नाही ते लांबून कळत नाही. संध्याकाळी तिने दोन भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आणून दिली. "जास्तीच्या झाल्या, भावजी." रोजच जास्तीच्या होतात. चाळीस वर्षं चूल सांभाळून बाईला एका माणसाचा अंदाज येऊ नये याचं मला नवल वाटतं.

२ डिसेंबर

गहिनीनाथ आला होता. माझा चुलत पुतण्या, जमिनीच्या व्यवहारांत मध्ये असतो, पांढरी गाडी आहे. खुर्चीत बसण्याआधी तिच्यावर रुमाल झटकतो. घरात धूळ आहे हे मला मान्य आहे, पण झटकू नये.

बातमी मोठी आहे. गावच्या साठ एकर गायरानावर एक कंपनी गॅसवर चालणारा वीज प्रकल्प आणायचं म्हणते. नगरपर्यंत पाईपलाईन आहे, तिथून इकडे फाटा काढायचा, असं त्याचं म्हणणं. दुसरीकडे आमची सरपंच पंकजा त्याच गायरानातल्या चाळीस एकरांवर सौर पॅनेल बसवण्याच्या मागे लागली आहे. सरकारी योजना आहे, शेतीच्या मोटरांना दिवसा वीज देण्याची. जागा एक, अर्ज दोन. ग्रामसभेने ठरवायचं.

"आप्पा, गॅसचं मशीन पाह्यलेला मानूस अख्ख्या गावात येकच, तुमी. तुमी म्हनला गॅस, की गाव म्हननार गॅस. दीडशे पोरं कामाला लागनार हायेत. लोकांचं ऊसतोडीला जायचं बंद हुईल."

विचार करतो म्हणालो. मनातून फार बरं वाटलं. गावात परत आल्यापासून मला कुणी काही विचारलेलं नाही. पाण्याच्या मोटरचा आवाज का येतो ते पंकजाने एकदा विचारलं होतं, तेवढंच.

५ डिसेंबर

अजिनाथला फोन लावला. तिसऱ्यांदा उचलला. माझा मुलगा, भरूचला रसायनाच्या कारखान्यात पॉवर हाऊसला आहे, शिफ्ट असते, मी समजू शकतो. गॅस प्रकल्पाचं सांगितलं.

"मग तर मी येतोच की, आप्पा! गावातच प्लांट झाला तर इकडं कशाला राहीन?"

हसत होता. मागून सूनबाई रुपाली काहीतरी म्हणाली, त्याने तिला हळू आवाजात काहीतरी उत्तर दिलं, मग मला म्हणाला ठेवतो.

'येतोच की' म्हणाला. हे मी इथे लिहून ठेवतो. गाव सोडल्यापासून अकरा वर्षांत पहिल्यांदा म्हणाला.

१४ डिसेंबर

वरची खोली उघडली. त्याच्या लग्नाच्या वेळी बांधलेली. त्यात ती दोघं एकूण नऊ दिवस राहिली असतील. कबुतरांनी पार वाट लावली होती. दोन दिवस घासून काढली. मिरजगावहून पंखा आणला, वायरिंग स्वतः केलं. एसीचा पॉईंटही काढून ठेवला, नातीला भरूचला एसीची सवय असेल.

लंकाबाई शेरडं घेऊन परत येत होती. खालूनच ओरडली, "कोन येनार हाय?"

"अजिनाथ."

मग नुसतं "बरं" म्हणाली आणि शेरडं हाकलली.

१५ डिसेंबर

शेरा: काही नाही.

१६ डिसेंबर

शेरा: काही नाही. पंखा चालवून पाहिला. आवाज नाही.

२९ डिसेंबर

पंकजा आली होती. तिचं लग्न होऊन ती या गावात आली तेव्हा माझ्या बायकोने, रतनने तिला ओवाळलं होतं, आता सरपंच आहे. बीएस्सी झालेली. चहा नको म्हणाली, मग मीच केला तेव्हा दोन कप प्याली.

तिने कागद आणले होते. गॅस प्रकल्पाला पाणी किती लागेल, सौरला किती. आपल्याकडे मे महिन्यात टँकर येतो, ते गॅसवाले पाणी कुठून आणणार, असं तिचं म्हणणं. मी म्हणालो मोठ्या कंपन्या सोय करतात. सूर्य बुडाल्यावर तुझी पॅनेल काय करणार, असंही विचारलं. ती म्हणाली, बॅटरी बसवणार आहेत, पण मुख्य म्हणजे मोटरा दिवसा चालतील, माणसांना रात्रीचं पाणी धरायला जावं लागणार नाही. मी धुळीचा मुद्दा काढला. आमच्याकडे फाल्गुनात धूळ अशी असते की भिंतीचा रंग कळत नाही. तिने तो मुद्दा वहीत टिपून घेतला. मला ते आवडलं.

मग निघताना विचारलं, "आप्पा, तुमचं मशीन वर्षातनं किती दिवस चालायचं?"

"मेंटेनन्सचे दिवस सोडले तर रोज," मी म्हणालो.

ही वही कुणी वाचत नाही, म्हणून लिहितो. ते खोटं होतं. नोकरीत बावीस वर्षं मशीन धडाडून चाललं, मग गॅस मिळेना. जहाजाने आणलेला गॅस महाग पडायचा, त्याची वीज कुणी घेईना. साडेतीन वर्षं मशीन बंद होतं. आम्ही दोनशे माणसं रोज कामावर जायचो. बंद टर्बाईन तसंच सोडून देता येत नाही, त्याचा शाफ्ट स्वतःच्याच वजनाने वाकतो. म्हणून त्याला छोट्या मोटरवर हळूहळू फिरवायचं. दर तासाला रीडिंग घ्यायचं आणि लिहायचं, लोड शून्य, शेरा: मशीन तयार. साडेतीन वर्षं मी हेच लिहिलं. सुट्टीला गावी आलो की लोक विचारायचे, साहेब, किती लाईट बनवता? मी आकडा सांगायचो. जुना आकडा.

पण नवा प्रकल्प तसा होईलच असं नाही. दिवस बदलतात. गॅस स्वस्त होऊ शकतो.

२६ जानेवारी २०२५

झेंडावंदन झालं, ग्रामसभा बसली. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो, खिशात भाषणाचा कागद होता. पंकजाने उठून सांगितलं की निम्मं गाव उसाच्या फडात आहे, त्यांच्या मागे त्यांच्या गायरानाचा निकाल लावायचा नाही, हा विषय एक मेच्या सभेत. गहिनीनाथने आरडाओरडा केला. जमलेल्या म्हाताऱ्यांनी पंकजाच्या बाजूने माना हलवल्या आणि जिलबी घेऊन घरी गेले.

कागद परत घडी करून ठेवला. तीन महिने थांबायचं. थांबायची मला सवय आहे.

११ फेब्रुवारी

अजिनाथचा आपणहून फोन आला! रेशनकार्डातून तिघांची नावं कमी केल्याचा दाखला हवा आहे, लवकर. तिकडे शाळेला लागत असेल. कर्जतला जाऊन दिवसभर बसलो आणि काढून आणला. नावं पुन्हा चढवता येतात का ते कारकुनाला मुद्दाम विचारलं. येतात म्हणाला.

कार्डावर आता एकच नाव आहे. त्या तिघांच्या नावांवर आडवी रेघ मारली आहे, रतनच्या नावावर आधीचीच आहे. कार्ड पेटीत तळाला ठेवलं.

९ मार्च

नातीशी, ईश्वरीशी व्हिडिओवर बोललो. सात वर्षांची झाली. अर्धं गुजरातीत बोलते, मी कळल्यासारखं करतो. घरात झोका टांगलाय, तिने त्यावर बसून दाखवलं. छताला चार मोठे हुक, पितळी साखळ्या. भाड्याच्या घरात एवढी भोकं पाडू देतो म्हणजे मालक सज्जन असावा. मी तसं म्हणालो, तर रुपालीने फोन घेतला आणि आप्पा जेवलात का विचारलं. दुपारचे चार वाजले होते.

इकडे वरच्या खोलीत झोका बसेल का ते पाहिलं. स्लॅब चांगला आहे. बसेल.

२१ मार्च

आज रतनला जाऊन सात वर्षं झाली. फोटोला हार घातला. लंकाबाई सकाळीच आली, पुरणाच्या दोन पोळ्या ठेवून गेली. रतनच्या शेवटच्या दिवशी तीच उशाशी होती.

मी नव्हतो. हे कधीतरी कागदावर यायला हवं, तर आज येऊ दे. सकाळी सहाला अजिनाथचा फोन आला होता, की आईला नगरला नेलंय, तुम्ही निघा. मी सहा ते दोनच्या पाळीला होतो. माझ्या जागी येणारा माणूस दोनलाच येणार होता. मी म्हणालो, मशीन सोडून निघता येत नाही, लाईट जाईल, दोनला निघतो. मशीन तेव्हा दोन वर्षं बंद होतं. सहाचं रीडिंग घेतलं, सातचं, आठचं, नऊचं. दहाचं रीडिंग घेत होतो तेव्हा ती गेली.

मला कुणी अडवलं नव्हतं. शिफ्ट इन्चार्ज तर जा म्हणाला होता. पण दर तासाला वहीत लिहायचंच हे अंगात एवढं मुरलं होतं, की एक रकाना कोरा राहील या विचाराने मी उठलो नाही. आणि वाटलं होतं, बरी होईल. ती प्रत्येक वेळी बरी व्हायची.

अजिनाथ त्या दिवशी माझ्याशी एक शब्द बोलला नाही. नंतर बोलायला लागला. पण त्याचं गावाला येणं कमी झालं ते तेव्हापासून. म्हणून त्याचं 'येतोच की' मला एवढं मोठं वाटतं.

६ एप्रिल

राम आणि सविता कोपरगावहून आले. हातांची सालं निघाली आहेत. आळीत आवाज झाला. लंकाबाईची भाकरी आज आली नाही, पोरांच्या गडबडीत असेल, असं म्हणून मी भात टाकला. तो शिजतो तोच ती आली. "जास्तीच्या झाल्या, भावजी."

२० एप्रिल

गहिनीनाथ आला, कंपनीचा एक साहेब बरोबर होता. साहेबाने माझा हात हातात घेतला. प्रकल्प झाला तर अनुभवी माणसांना पहिलं प्राधान्य, म्हणाला. मी अजिनाथचं नाव आणि शिक्षण एका कागदावर लिहून दिलं. त्याने ते वाचून खिशात ठेवलं. बघा, खिशात ठेवलं, फाईलमध्ये नाही. हे मी तेव्हाच पाहिलं आणि मनावर घेतलं नाही.

गॅस कुठून येणार, करार किती वर्षांचा, हे विचारायचं माझ्या ओठांवर होतं. विचारलं नाही. उत्तर मला ठाऊक होतं.

गेल्यावर लंकाबाईला सहज विचारलं, तुमचं मत काय? ती म्हणाली, "गॅसवाले साठाच्या साठ एकराला भित घालनार. सोलारवाले वढ्याकडची बाजू सोडत्यात. माज्या शेरडांना वढाच लागतो." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "पन गॅस आला तर अजिनाथ येनार म्हंता?"

"येतोच म्हणालाय."

ती दावं सोडवत बसली.

१ मे

सगळं नीट लिहितो. घाई नाही, आज कुणी येणार नाही.

शाळेच्या पटांगणात मांडव होता. फडातून सगळे परत आलेले, बाया-माणसं धरून तीनशेवर होतील. आधी पंकजा बोलली, मग गहिनीनाथ. त्याने मला हाताला धरून पुढे नेलं. "ह्ये आपले आप्पा. ह्येंनी तीस वर्सं गॅसवर लाईट केली. ह्येंनाच इचारा."

मी कागद उघडला. पहिलं वाक्य वाचलं, "मित्रहो, गॅस ही भविष्याची ऊर्जा आहे." पुढचं वाचणार तेवढ्यात बायकांच्या बाजूला लंकाबाई उभी राहिली. ती ग्रामसभेत कधी बोललेली नाही. पदर दातांत धरलेला, बोलायला तो सोडावा लागला.

"म्या आडानी हाय," ती म्हणाली. "पन भावजींचं म्हननं खरं हाय. ह्येंची बायकू नगरच्या दवाखान्यात जीव सोडत हुती, ह्ये आलं न्हाईत. का? तर गावोगावची लाईट जाईल म्हून. आक्का शेवटपतूर म्हनत हुती, त्येंना बोलावू नगा, लोक अंधारात बसत्याल. येवढं मोठं काम असतंय ते. तसलं काम आपल्या पोरांना मिळत असंल, तर माज्या शेरडांचं काय बी हुं द्या. गॅस येऊ द्या."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. गहिनीनाथने सर्वांत मोठ्याने.

रतन असं म्हणत होती हे मला आज कळलं. सात वर्षांत लंकाबाईने सांगितलं नव्हतं. तिला आज उभं राहायला कुणी पढवलं कोण जाणे. गहिनीनाथने असेल. तिच्या शेरडांचं सगळं त्या ओढ्यावर आहे.

मला पुढचं वाक्य वाचता येईना. कागद दिसतच नव्हता. मी म्हणालो, "लाईट गेली नसती."

गहिनीनाथ म्हणाला, "आँ?"

"लाईट गेली नसती. मशीन बंद हुतं."

बोलताना माझी प्लांटातली भाषा कुठे गेली कोण जाणे. "साडेतीन वर्सं मशीन फिरलं न्हाई. मशीन झकास, मानसं झकास, पन गॅस न्हाई. बंद मशीनचं रीडिंग घेत मी तिथं बसून ऱ्हायलो, आन हिकडं ती गेली. तुमाला मी जो आकडा सांगायचो तो जुना हुता. गॅस आपला न्हाई. परदेशात कुटं लढाई झाली, बंदरात जहाज अडकलं, की हितलं मशीन बंद. मग दीडशे पोरं रोज डबा घिऊन जातील आन शून्य लिहून माघारी येतील. ऊन आपलं हाय. ढगात बसंल, धुळीनं कमी हुईल, पन त्येला जहाजानं आनावं लागत न्हाई."

"आन रातीला?" गहिनीनाथ ओरडला. "रातीला सोलार काय उजेड पाडनार?"

"बॅटरी किती पुरंल मला ठावं न्हाई. त्ये त्येंच्याकडनं लिहून घ्या. मोटरा दिवसा चालतील, येवढं मी सांगतो. रातीच्या पान्यात कुनी मरायचं न्हाई."

हात वर झाले. सौरच्या बाजूने जवळजवळ सगळा मांडव. पंकजाने ठराव लिहिला आणि मला खूण केली की थांबा, पण मी थांबलो नाही. येताना वाटेत कुणी माझ्याबरोबर चाललं नाही.

गॅस गेला. अजिनाथचं येणं गेलं. मी माझ्या तोंडाने घालवलं. आता हे त्याला सांगायचं कसं.

आज भाकरी आली नाही.

४ मे

भाकरी आली नाही. किराणा दुकानाबाहेर बसलेली पोरं मला बघून म्हणाली, "शून्यसाहेब आले." हसावं की काय ते कळेना. साखर घेतली आणि आलो.

८ मे

लंकाबाईचं दार समोरच आहे. ती शेरडं काढते, मी व्हरांड्यात असतो, ती बघत नाही. तापमान एकेचाळीस. शेरा: काही नाही.

एकटं वाटतं. एवढे दिवस हा शब्द लिहायचं टाळलं.

११ मे

धीर करून अजिनाथला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला, सुट्टी होती. सगळं सांगितलं. म्हटलं, गॅस गेला, माझ्यामुळे गेला, मला माफ कर.

मग मोठा श्वास सोडल्याचा आवाज आला. "बरं झालं, आप्पा. म्हणजे... जाऊ द्या. खरं बोललात ते बरं केलंत. मनाला लावून घेऊ नका."

आणि मग किती बोलला! ईश्वरीची शाळा, तिथला उकाडा, रुपालीने लावलेली मोगऱ्याची कुंडी. आईचंही बोलला. "तुम्ही ते सगळ्यांसमोर बोललात?" असं दोनदा विचारलं. आवाज इतका मोकळा झाला होता, की मला त्याचं लहानपण आठवलं. वीस मिनिटं बोललो. एवढं आम्ही कित्येक वर्षांत बोललो नव्हतो.

मोठ्या मनाचा पोरगा आहे. गावी यायची त्याची एवढी इच्छा, ती मी मोडली, आणि तो मलाच धीर देतो. फोन ठेवल्यावर मी रडलो.

१९ मे

लंकाबाई आली. हातात काही नव्हतं. पायरीवर बसली.

"आक्का सारखी इचारायची, वाजलं किती, ह्येंची पाळी सुटली का. मी म्हनायची, सुटंल, गावाला लाईट देत्यात त्ये. खोटं बोलाय लावलंत मला, भावजी."

"चुकलं माझं, वहिनी."

"मला नगा सांगू. तिला सांगा."

मी आत जाऊन फोटोसमोर उभा राहिलो आणि मोठ्याने म्हणालो. ती बाहेर ऐकत होती. मग बाहेर येऊन मीच विचारलं, की तुमच्या शेरडांना ओढा हवा होता, तर तुम्ही गॅससाठी का उभ्या राहिलात?

तिने वरच्या खोलीच्या खिडकीकडे पाहिलं. "अंदाज चुकला माजा," म्हणाली आणि उठून गेली. कसला अंदाज ते सांगितलं नाही.

२० मे

दोन भाकरी जास्तीच्या झाल्या.

१९ फेब्रुवारी २०२६

बरेच महिने वहीत फक्त आकडे लिहिले. आज सविस्तर.

सकाळी साडेआठला गावातल्या मोटरा दिवसाच्या विजेवर पहिल्यांदा सुरू झाल्या. माणसं बांधावर उभी राहून नुसती पाण्याकडे बघत होती. गायरानावर पॅनेलच्या रांगा लागल्या आहेत. पंकजाने पहिल्या दिवशी बटण दाबायला मला बोलावलं. मी दाबलं, आणि सवयीने मीटरचं रीडिंग घेतलं. लोडच्या रकान्यात खरा आकडा लिहिला. तो दोनदा तपासला हे मान्य करतो. गहिनीनाथही आला होता, पॅनेल धुण्याचं कंत्राट मिळेल का विचारत होता.

ओढ्याची बाजू सोडली आहे. तरी लंकाबाईची एक शेळी कुंपणातून आत शिरलीच आणि पॅनेलवर चढून बसली. तिथल्या इंजिनिअरने शेळी म्हणून एकही आत दिसता कामा नये अशी ताकीद दिली. लंकाबाई त्याला म्हणाली, "ऊन खायाला बसलीय, तुमचं काय खाल्लं तिनं?"

रामला तिथे देखभालीचं काम लागलं. यंदा तो आणि सविता कोपरगावला गेले नाहीत. दिवाळीनंतर ट्रॅक्टर भरत होते तेव्हा राम दारात उभा राहून बघत होता, लंकाबाई त्याच्याकडे बघत होती. मला हेवा वाटला. लिहून ठेवतो, कारण तो खोटा नव्हता. तिच्याकडे आता तीन माणसांचा स्वयंपाक असतो. तरी दोन भाकरी जास्तीच्या होतातच.

अजिनाथ दिवाळीला आला नाही. ओव्हरटाईम होता. उन्हाळ्यात बघू म्हणाला.

मी रोज दहाला वर जातो, खोली झाडतो, पंखा दहा मिनिटं चालवतो. आज लंकाबाईने विचारलं, "कुनी न्हाई तर पंखा कशाला फिरिवता, भावजी?" मी तिला समजावून सांगितलं, की नुसता बंद ठेवला तर बेअरिंग धरतं, मग ऐन वेळी फिरत नाही. मग म्हणाली, "खाली या. चा ठिवलाय." मशीनचं तिला काय कळणार. दहा मिनिटं पूर्ण करून मी खाली गेलो.

वेळ दहा. तापमान सव्वीस. लोड: एक पंखा. शेरा: खोली तयार.